एकूण माणसं : चार

१

लग्नाच्या पंगतीत आमची आई शेजारच्या अनोळखी बाईला तिचं गाव, माहेर आणि मामाचं नाव विचारते, आणि वरणभात संपायच्या आत ती बाई आमची कोण लागते ते सांगून मोकळी होते. हे बाळकडू मिळालं म्हणून मला पनवेलच्या त्या ऑफिसात नोकरी लागली, असं माझं मत आहे. आमच्या शशिकला मॅडमच्या मते माझं टायपिंग बरं होतं.

ऑफिस ठाणा नाक्याजवळ, टायरच्या दुकानाच्या वर. अकरा कॉम्प्युटर, एक पाण्याचा कूलर आणि खालून येणारा रबराचा वास. अमेरिकेतल्या माणसांना आपले पूर्वज कोण ते शोधायचा भारी नाद असतो. तिकडच्या जुन्या चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं, कोर्टाचे कागद यांचे फोटो आमच्याकडे यायचे. ते वाचून कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची सून, हे आम्ही लावून द्यायचो.

माझ्या वाट्याला स्कॉच-आयरिश लोक आले होते. मूळचे स्कॉटलंडचे शेतकरी. आधी आयर्लंडला गेले आणि शंभर वर्षांनी तिथून बायकापोरांसकट जहाजात बसून अमेरिकेला. समुद्राकडची चांगली जमीन आधी आलेल्यांनी घेतलेली, म्हणून हे डोंगर ओलांडून जंगलाच्या तोंडाशी जाऊन राहिले. त्या जंगलात आधीपासून माणसं राहत होतीच, पण त्यांना कोणी विचारलं नाही. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे शहर आलं तेव्हा आम्हालाही कोणी विचारलं नव्हतं.

खरं सांगते, मला या कामाचं वेड लागलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वीचं वेडंवाकडं अक्षर एकदम लागलं की अंगावर काटा यायचा. कुठल्याशा घराण्यातला हरवलेला विल्यम आणि मृत्युपत्रातला विल्यम एकच, हे सापडलं त्या दिवशी मी सगळ्यांना वडापाव खायला घातले. माझ्या शेजारी बसणारा अवधूत म्हणायचा, हिला माणसं मेल्यावरच आवडतात.

२०११च्या फेब्रुवारीत माझ्याकडे लोइस किलगोर नावाच्या बाईंचं काम होतं. वय अठ्ठ्याहत्तर, टेनेसी राज्यातल्या कुठल्याशा खेड्यात राहायच्या. त्यांची पत्रं म्हणजे माझी सकाळची चहाची वेळ. आधी हवा, मग दाराशी येणारे पक्षी, मग गुडघा, आणि सगळ्यात शेवटी काम. त्यांच्या घराण्याचा पहिला ठाऊक माणूस अँड्र्यू किलगोर, १७६६ साली जन्मलेला. त्याच्या बापाचं नाव रॉबर्ट. आई कोण ते ठाऊक नव्हतं, आणि बाईंना ती हवी होती. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या पुढे कोणी नाही, घरात मी एकटीच आहे. निदान मागचं तरी नीट लावून जावं."

ती आई मी शोधून देणार, हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

२

अँड्र्यू जन्मला त्या वस्तीचा पाद्री दर वसंतात घरोघर फिरून यादी करायचा. एकेका ओळीत एकेक घर. आधी बापाचं नाव, मग आईचं, मग मुलांची, आणि ओळीच्या शेवटी आकडा, म्हणजे घरात माणसं किती. अक्षर मोत्यासारखं. या पाद्र्यावर माझा जीव जडला होता म्हणा ना.

मंगळवारी सकाळी मी यादीचं अगदी शेवटचं पान उघडलं. ते १७६७ सालचं होतं आणि अक्षर पाद्र्याचं नव्हतं. मोठं, खोल दाबून काढलेलं, जणू लिहिणाऱ्याला लिहायची सवय नव्हती. पानावर एकच ओळ होती. जेनेट, आणि पुढे आकडा एक. आडनाव नाही, नवरा नाही.

अँड्र्यूच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईच्या नावाची जागा रिकामी होती. शाई पुसलेली नव्हती, कागदही फाटलेला नव्हता, तिथे काही लिहिलंच नव्हतं. आणि वर्षभराने त्याच वस्तीत बिनआडनावाची एकटी बाई. टाकून दिलेली असेल, लग्नाआधीचं मूल असेल, काय वाट्टेल ते असेल. मला वाटलं सापडली.

पण पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय क्लायंटच्या घराण्यात कोणाला घातलं तर शशिकला मॅडम सोलून काढायच्या. दुसरीकडे आमचं सॉफ्टवेअर असं, की कुठल्याच घरात न बसवलेलं माणूस संध्याकाळी आपोआप पुसलं जायचं. त्यावर ऑफिसातल्या सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. नोकरीला लागताना प्रत्येकाला सरावासाठी स्वतःच्या घरातली माणसं भरायला लावलेली असत. ती पानं तशीच पडून होती. बिनघरची नोंद सापडली की ती दोन दिवस आपल्याच घरात ठेवायची आणि जागा मिळाली की हलवायची. अवधूतच्या घरी तर एकदा सात आयरिश विधवा होत्या.

मी माझं पान उघडलं. तुळशीराम म्हणजे बाबा, हौसा म्हणजे आई, मग मी मनिषा, आणि माझा धाकटा भाऊ केतन. खाली लिहिलेलं, एकूण माणसं चार. मी पाचवी जेनेट भरली.

एकूण माणसं चार.

मी पान बंद करून उघडलं. तुळशीराम, हौसा, मनिषा, जेनेट. केतन नव्हता. माझ्याच हातून चुकून पुसला गेला असणार म्हणून मी त्याला पुन्हा भरलं, पान साठवलं, उघडलं. पुन्हा चारच, आणि पुन्हा तीच चार. अवधूत म्हणाला, सर्व्हर झोपलाय, उद्या बघ. मला ते पटलं. ज्याला कॉम्प्युटरवर काम करायचंय त्याला सर्व्हर झोपतो हे मानावंच लागतं.

३

आम्ही नेऱ्याला राहतो, पनवेलपासून सहा आसनी रिक्षाने अर्धा तास. केतन न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्यामुळे तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. सोमवारीच तो गुजरातच्या फेरीला निघाला होता. निघताना माझा चार्जर घेऊन गेला, आणि वर मलाच म्हणाला की ताई, तुझ्या त्या गोऱ्या म्हाताऱ्यांना विचार, एखादा नवरा शिल्लक हाय का तुझ्यासाठी.

त्या संध्याकाळी आईने चार ताटं वाढली. मी म्हटलं, केतन नाहीये ना. आईने माझ्याकडे बघितलं, ताटांकडे बघितलं आणि चौथ्या ताटातही आमटी वाढली. एरवी ती केतन रस्त्यावर असला की दर घासाला त्याचं नाव काढते. जेवला असंल का, झोपला असंल का, त्या घाटात गाडी सांभाळून घेतली असंल का. त्या संध्याकाळी तिने एकदाही विचारलं नाही. बाबांनीही नाही. सवय झाली असेल, मी स्वतःला सांगितलं. माणूस किती दिवस काळजी करणार?

जेवण झाल्यावर मी ताटं उचलली. चौथ्या ताटात भाकरीचा चतकोर उरला होता आणि आमटीला बोटं लागलेली होती. बाबांनी दोन ताटांत जेवायचं काही कारण नव्हतं. मी ताट घासून पालथं घातलं आणि त्यावर विचार केला नाही.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून केतनला फोन लावला. त्याने उचलला आणि मला इतकं हायसं वाटलं की मी आधी चार्जरवरून त्याला शिव्या घातल्या. तो हसला, पण नेहमीसारखा नाही. म्हणाला, माल उतरवून परत बंदरावर आलोय आणि गेटवर अडकलोय. पास लागत नाही. सहा वर्षं रोज ज्या गेटमधून जातो, तिथला माणूस म्हणतो यादीत नाव नाही.

"ताई, अजून एक गंमत," तो म्हणाला. "काल आयला फोन केलता. ती बोलते, कोन पायजे? मी बोललो, अगं मी केतन. तर बोलते, राँग नंबर हाय, आनि ठेवला."

मी म्हटलं, तुझा आवाज फाटका आलेला असेल.

"आसंल," तो म्हणाला. "तू वळखलंस ना पन. मंग झालं."

४

शुक्रवार आणि शनिवार मी जेवले नाही, चहा घेतला नाही, फक्त वाचलं. आणि लाज वाटते तरी सांगते, भीती होतीच, पण तिच्याखाली उकळ्या फुटत होत्या. इतकी मोठी गोष्ट याआधी माझ्या हाती लागलीच नव्हती. मी पाद्र्याच्या याद्या शेवटाकडून सुरुवातीकडे न्यायला लागले, आणि जेनेट मला जागोजाग भेटत गेली.

१७६४च्या यादीत मॅक्लुअरचं घर आहे. नवरा, बायको, जॉन, मार्था आणि ह्यू. आकडा पाच. पुढच्या वर्षी त्याच घरात जेनेट आहे, ह्यू नाही, आकडा पाचच. लहान पोरं तेव्हा पटापट जायची, म्हणून मी मृत्यूंची वही काढली. ह्यू तिच्यात नव्हता. मग बापाचं मृत्युपत्र काढलं. त्यात तो लिहितो, माझी जमीन माझ्या दोन मुलांना, जॉन आणि मार्थाला, मला आजवर झालेली मुलं एवढीच. ह्यूच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीखाली याच बापाची सही होती. दोन्ही सह्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

मॅक्लुअरच्या ओळीतून पुढे जेनेटचं नाव खोडलंय आणि त्याच शाईने किलगोरच्या ओळीत लिहिलंय. म्हणजे लोइसबाईंच्या घरात. १७६५ला तिथे रॉबर्ट आणि त्याची बायको ॲग्नेस. १७६६ला तिथे रॉबर्ट, तान्हा अँड्र्यू आणि जेनेट. ॲग्नेस नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. अँड्र्यूची आई ॲग्नेस होती. त्याला जन्म देऊन ती घरातून गेली, आणि बाप्तिस्म्याला आईचं नाव विचारल्यावर नवऱ्याला काही सांगता आलं नाही. पाद्र्याने जागा रिकामी सोडली. लोइसबाईंना हवं होतं ते उत्तर माझ्यासमोर होतं, पुराव्यासकट.

तिथून जेनेट गिल्की नावाच्या कुटुंबात गेली. त्या घरात सॅम्युएल नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. पाद्र्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं की सॅम्युएल वीस दिवस दिसत नाही आणि त्याची आई त्याला विचारत नाही. पुढे लिहिलं होतं, वसंतातल्या मोजणीच्या आत हे व्हायला हवं, मोजणी झाल्यावर कोणी परत आलेलं नाही. त्याखाली, जेनेटला मी माझ्या घरात लिहून घेतलं, मला कोणी नाही. आणि अगदी शेवटी, सॅम्युएल आज घरी आला, कुठे होतास विचारलं तर सांगता येत नाही.

पाद्र्याचं अक्षर तिथे संपतं. त्यानंतरचं पान मी मंगळवारीच पाहिलं होतं, त्या दाबून काढलेल्या अक्षरातलं. ते पाद्र्याचं घर होतं. त्यात एकच माणूस होतं आणि ते पाद्री नव्हतं.

मी अवधूतला सगळं दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मनिषा, तू शेवटची रजा कधी घेतलीस? मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. नावं दोनदा लिहिली जातात, नोंदी गळतात, पाद्री म्हातारे होतात. पण माझा भाऊ बंदराच्या गेटवर उभा होता आणि त्याच्या आईने त्याला राँग नंबर म्हटलं होतं.

५

रविवारी सकाळी शाळेचे विनायक गुरुजी वाटेवरून जाताना थांबले. त्या महिन्यात देशभर जनगणना चालू होती आणि आमच्या आळीचं काम त्यांच्याकडे होतं. उद्या अकरा वाजता तुमच्याकडे येतो, ते म्हणाले, कामाला बाहेरगावी असेल त्याचंही नाव सांगायचं, रेशन कार्ड काढून ठेवा. आई बरं म्हणाली. मला पाद्र्याची मोजणी आठवली.

मी आत जाऊन आधी रेशन कार्ड उघडलं. केतनचं नाव होतं. मी ते आईच्या डोळ्यांसमोर धरलं.

"ह्ये नाव चुकून लिवलंय," आई म्हणाली. "कवाचं कापून घ्यायचंय. उद्या गुरुजींना इचारते."

"आई, केतन. आपला केतन."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. हात तसाच होता, मायेचा, लसणाचा वास येणारा. मला रडू फुटलं आणि ती खरोखर घाबरली. तिला वाटलं मलाच काहीतरी झालंय.

तोंड धुवायला मी परसात गेले. दुपारचे बारा वाजले असतील, ऊन लख्ख. परसातून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं. चुलीशी आई बसली होती आणि भाजलेली भाकरी टोपलीत न टाकता कोणाला तरी हातात देत होती. बाबांची पाठ मला ओळखता येते, ते उजवीकडे होते. डावीकडे केतनच्या जागेवर कोणीतरी बसलं होतं. मला फक्त एक मनगट दिसलं आणि ते भाकरी घेत होतं. टोपलीखाली झाकल्या गेलेल्या गवताला जो पांढुरका रंग येतो, तो रंग. आईने दुसऱ्या हाताने त्यावर सुकटीची चटणी घातली आणि म्हणाली, "घे बाय, पोटभर खा."

मी पळतच आत गेले. आई आणि बाबा, दोघंच. चार ताटं. आई मला म्हणाली, बस गं, भाकरी निवतेय. केतनच्या पाटावर हात ठेवायचा मला धीर झाला नाही.

६

सोमवारी मी पहिल्या रिक्षाने पनवेलला पोचले आणि टायरवाल्याच्याही आधी जिन्यात उभी राहिले. साडेनऊला कुलूप उघडलं. मी माझ्या घराचं पान काढलं आणि जेनेटला पुसलं. पान उघडलं तर ती होती. तीनदा पुसलं, तीनदा होती. बरोबरच होतं. त्या वस्तीतही ती नुसती खोडून कधीच गेली नव्हती. दुसऱ्या घरात लिहिली तेव्हाच गेली होती.

दुसरं घर म्हणजे कोणतं? अवधूतचं पान शेजारीच होतं. त्याला तीन महिन्यांची मुलगी होती. मॅडमच्या घरी सासू आणि जुळी मुलं. मी एकेकाचं पान उघडत होते आणि बंद करत होते. सव्वादहा वाजले. मी केतनला फोन लावला.

तो कुठल्याशा ढाब्यावर होता. मला बघून, म्हणजे माझा आवाज ऐकून, त्याला आनंद झाला हे कळलं.

"ताई, एक इचारू? हसू नको हां," तो म्हणाला. "नेऱ्याला यायला पनवेलातनं कुठं वळायचं? मी दोन दिवस फिरतोय. समोर रस्ता हाय, पन आठवत नाय."

मी त्याला तिथेच बसून राहायला सांगितलं. तो बरं म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं.

मग मी लोइसबाईंची फाईल उघडली. उगाच साळसूदपणा करणार नाही. पाद्र्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं. एकटं माणूस असलेल्या घरात ती गेली तर आकडा एकच राहणार आणि तो कोणाचा असणार, हेही ठाऊक होतं. मी मनाला सांगितलं की त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मी मनाला सांगितलं की हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे आणि मी फक्त एक चुकीची नोंद करतेय. दोन्हींवर माझा एकदम विश्वास होता. पाद्र्याने तिला आपल्या घरात घेतलं. तेवढं मोठं मन माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे एक भाऊ होता.

अँड्र्यूची आई या जागी मी जेनेट लिहिलं. ॲग्नेसचं नाव ज्या पानावर होतं ते पान मी पुराव्यांतून काढून टाकलं. फाईल बंद करून पाठवली तेव्हा अकराला सहा मिनिटं होती.

घरी फोन लावला. आईने उचलला आणि थांब म्हणून तसाच चटईवर ठेवला. मला गुरुजींचा आवाज ऐकू येत होता, आणि मग आईचा, मुलांची नावं सांगताना ती जरा सुरात बोलते तसा.

"मोठी मनिषा. आनि केतन, केतन तुळशीराम. गाडीवर हाय तो, जेवला का नाय द्येव जाने."

मी जिन्यातच बसले आणि मोठ्याने हसले. खाली टायरवाला वर बघत होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटत होती. जगात त्या घडीला माझ्याएवढं सुखी कोणी नव्हतं आणि ते मी आजही नाकारत नाही. केतन दुपारी तीनला घरी आला, एवढा का उशीर विचारलं तर त्याला सांगता आलं नाही, आणि त्याने चार्जर मात्र हरवला होता.

७

लोइसबाईंचं उत्तर बुधवारी आलं. त्यात हवा नव्हती, पक्षी नव्हते, गुडघा नव्हता. तीन ओळी होत्या. घर मिळालं. इथे मी एकटीच आहे. चार माणसांचं घर फार बरं होतं.

मी ते पत्र शशिकला मॅडमना दाखवलं नाही, पण त्या दुपारी स्वतःच माझ्या टेबलापाशी आल्या. क्लायंट खूश आहेत, म्हणाल्या, तुझं नाव घेऊन कौतुक केलंय. मी विचारलं, कोणी, लोइस किलगोर यांनी? मॅडमनी हातातल्या कागदावर बघितलं आणि म्हणाल्या की लोइस कोण, बाईंचं नाव जेनेट आहे, जेनेट किलगोर. सहा महिने त्यांचं काम करतेस आणि नाव विसरतेस? मी जुनी पत्रं उघडली. पक्षी होते, गुडघा होता. खाली सही जेनेट.

लोइस हे नाव आता जगात कोणाला ठाऊक असेल तर मला. एका माणसाचं असणं फक्त आपल्या एकटीच्या डोक्यात शिल्लक राहावं, हे फार जड असतं. मी सात महिने ते वागवलं. मग सर्वपित्री अमावास्या आली. त्या दिवशी आमच्याकडे केळीच्या पानांवर गेलेल्यांसाठी वाढतात. बाबा एकेकाचं नाव घेतात आणि आई पान मांडते, आजाचं, आजीचं, बाबांच्या लहानपणी गेलेल्या भावाचं. मी सकाळीच एक पान जास्त कापून आणलं होतं. भात, भाजी, वडे, खीर, सगळं माझ्या हाताने त्यावर वाढलं. पुढे गुडघ्यांवर बसले आणि नाव घ्यायला तोंड उघडलं.

आणि मला कळलं की मी ते घेऊ शकत नाही. या घरात, या ओळीत, एखाद्याचं नाव घेऊन त्याला जागा द्यायची म्हणजे काय होतं ते मी बघितलं होतं. केतन उंबऱ्यावर बसून वडे पळवत होता. आई त्याच्या हातावर चापट्या मारत होती.

"ह्ये कोनाचं पान गं?" बाबांनी विचारलं.

"कोणाचं नाही, बाबा," मी म्हटलं. "एक जास्तीचं आलं."

बाबांनी ते पान उचलून शेळीपुढे टाकलं आणि आम्ही चौघं जेवायला बसलो.